समासातली पेन्सिल: कथा-कवितेतलं न लिहिलेलं कसं वाचावं

नागपुरात महाल भागातल्या एका छापखान्यात मी ३१ वर्षं मुद्रितशोधक, म्हणजे छपाईआधी प्रूफं तपासणारी, होते. खिळे जुळवण्याच्या काळात कामाला लागले आणि संगणकावरची पानं तपासत निवृत्त झाले. एका वर्षी दिवाळी अंकांच्या गर्दीत एक आठ पानी कथा माझ्या टेबलावर आली. तिच्यात ‘कंदील’ हा शब्द ११ वेळा होता. आमच्या कामात पुनरुक्ती दिसली की समासात, म्हणजे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, खूण करायची आणि जमलं तर पर्याय सुचवायचा, अशी रीत. मी सात ठिकाणी खुणा केल्या. कुठे ‘दिवा’ सुचवला, कुठे ‘बत्ती’, कुठे शब्दच गाळला. लेखिकेकडून प्रूफ परत आलं तेव्हा माझी प्रत्येक सूचना खोडलेली होती आणि पहिल्या खुणेशेजारी दोनच शब्द होते: ‘कंदीलच हवा.’

मी कथा पुन्हा वाचली, या वेळी चुका न शोधता. पहिल्या पानावर कंदील पेटलेला आहे आणि सासू तो सुनेच्या हातून काढून घेते. तिसऱ्या पानावर काच तडकते, नवी कुणी आणत नाही. पाचव्या पानावर घरात वीज येते, तरी सासू वात कातरत बसते. शेवटच्या पानावर सून कायमची माहेरी निघते, तेव्हा सासू तोच विझलेला कंदील तिच्या पिशवीत घालते आणि म्हणते, ‘वाटेत अंधार पडेल.’ दोघींमध्ये जे काही होतं ते सगळं त्या एका वस्तूतून गेलं होतं. कुठेही ‘माया’ हा शब्द नाही, ‘पश्चात्ताप’ हा शब्द नाही. अकरातला एक कंदील जरी मी ‘दिवा’ केला असता तरी साखळी तिथे तुटली असती.

त्या दिवसापासून मी पेन्सिल दोन कामांसाठी वापरू लागले. एक पोटासाठी, दुसरं स्वतःसाठी.

आता शनिवारी दुपारी आमच्या खामल्यातल्या घरी, ओसरीत, गल्लीतल्या तीन-चार मुली पुस्तकं घेऊन येतात. कुणी बी.ए.ला आहे, कुणी नेट-सेटची तयारी करतेय, एकीला फक्त वाचायला आवडतं. आशयसूत्र (कथा काय म्हणते ते), उपरोध (म्हटलेलं किंवा अपेक्षित एक आणि खरं दुसरंच), प्रतीक (वस्तूतून सुचणारा अर्थ) हे तीन शब्द त्यांना परीक्षेसाठी पाठ आहेत, पण समोर कविता ठेवली की त्या गप्प होतात. त्यातली एक मला म्हणाली, ‘मावशी, कवीला हेच सांगायचं होतं तर त्यानं सरळ काऊन नाही सांगितलं?’ प्रश्न अगदी योग्य आहे. हा लेख तिच्या प्रश्नासाठी आहे.

पहिली गोष्ट ही की या तिन्ही गोष्टी आपल्याला आधीपासून येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या रस्त्यावर उभं राहिलेल्या कुठल्याही नागपूरकराला प्रतीक समजावून सांगावं लागत नाही. काळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा, येते, पिवळी मारबत येते, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा ओरडा होतो, आणि मिरवणुकीनंतर ती बाई शहराबाहेर नेऊन जाळतात. बांबू-कागदाच्या त्या पुतळ्याबरोबर रोगराई खरोखर जाते का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. सव्वाशेहून अधिक वर्षं हे चालू आहे. मारबत कोण, असं विचारलं तर एक जण पूतना म्हणेल, दुसरा भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाईचं नाव घेईल, तिसरा म्हणेल की वर्षभराची कीड-पीडा. तिन्ही अर्थ एकाच पुतळ्यात एका वेळी नांदतात, आणि एकाने दुसऱ्याला हटवलेलं नाही.

त्याच मिरवणुकीत बडगे नावाचे दुसरे पुतळे असतात. बडग्याच्या छातीवर पाटी असते: महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी लोकांच्या डोक्यात गेलेलं जे काही असेल ते. पाटी वाचली की बडग्याचा अर्थ संपला. मी मुलींना सांगते की बडगा म्हणजे रूपक आणि मारबत म्हणजे प्रतीक. एकनाथांचं विंचवाचं भारूड पाहा. विंचू म्हणजे काम आणि क्रोध, हे नाथ स्वतःच सांगतात आणि उताराही सांगतात. तिथे किल्ली कवीने हातात दिलेली आहे, शोधाशोध करायची गरज नाही, तो विंचू रंगला कसा ते पाहायचं. कंदिलाच्या छातीवर मात्र पाटी नव्हती. पाटी नसलेली वस्तू समोर आली की वाचकाचं काम सुरू होतं.

काम करायचं कसं? प्रतीक ही सर्वांत आधी एक वस्तू असते, ती वस्तू म्हणूनच नीट पाहायची. रामटेकला गड चढून गेलात तर कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, हे संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींचं मत तुम्हाला कुणीतरी सांगेलच. त्या काव्यात यक्ष ढगाला निरोप्या करतो, पण कालिदास सुरुवातीलाच, पाचव्या श्लोकात, थांबून सांगतो की ढग म्हणजे धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा गोळा. निरोप पोचवायला सजीव प्राणी लागतो, पण प्रेमाने व्याकूळ झालेल्याला सजीव-निर्जीव हा भेद उरत नाही. मला हा श्लोक फार मोलाचा वाटतो. ढगावर विरहाचा भार टाकण्याआधी कवीने ढग कशाचा बनला आहे ते पाहून घेतलं. आपणही तेवढं करावं. कथेत विहीर आली तर लगेच ‘विहीर म्हणजे मनाची खोली’ असं समासात लिहू नका. तिला पाणी आहे का, रहाट आहे का, कोण भरतं, कुणाला भरू देत नाहीत, ते आधी पाहा. अर्थ बहुतेक वेळा तिथेच, रहाटाजवळ उभा असतो.

मग पेन्सिल घ्यायची. मी चार प्रकारच्या जागांना खूण करते. वस्तू पुन्हा आली की टिंब. कथेच्या सुरुवातीला किंवा अगदी शेवटी आली की आडवी रेघ. कथानकाला तिची गरज नसताना लेखकाने तिच्यावर दोन-तीन वाक्यं खर्च केली की गोल. आणि आधी एका स्थितीत असलेली वस्तू नंतर बदलली, म्हणजे फुटली, विझली, विकली गेली, दुसऱ्याच्या हातात गेली, की बाण. या चारांतला बाण सर्वांत महत्त्वाचा. टिंबं दहा असली तरी बाण नसेल तर ती वस्तू नुसतं सामान असू शकते. घरात खुर्ची असतेच, माणसं तिच्यावर बसतात, म्हणून ती दहादा येते. पण वडील गेल्यावर कुणीच त्या खुर्चीवर बसत नाही, आणि एक दिवस धाकटा बसतो, तर तिथे बाण.

हे करून पाहायला बालकवींच्या ‘औदुंबर’पेक्षा चांगली कविता मला माहीत नाही. आठच ओळी आहेत. वाचताना फक्त रंग मोजा. हिरवाळी, निळासावळा झरा, हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, हिरवं कुरण, काळा डोह, आणि मग लाटांवर पसरलेला ‘गोड काळिमा’. आता पायवाटेवर बोट ठेवा. चार घरांचं गाव आहे, शेतमळे आहेत, आणि त्यातून ती ‘अडवीतिडवी’ निघते, ती ‘काळ्या डोहाकडे’. डोहाच्या पुढे ती कुठे जाते हे कवी सांगत नाही. तिथे कोण आहे? ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.’ झाड उभं असतं, हे मात्र बसलं आहे, आणि पाय पाण्यात सोडून बसलं आहे, माणसासारखं. औदुंबर आपल्याकडे दत्ताचं झाड, तेव्हा एखादा विरक्त बसला आहे असं मराठी वाचकाला वाटणारच.

माझ्या ओसरीत यावर दोन तट पडले. एक मुलगी म्हणाली, डोह म्हणजे मरण. दुसरी म्हणाली, मग काळिमा ‘गोड’ कसा? हा दुसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. ‘डोह म्हणजे मरण’ एवढं म्हणून थांबलं तर ‘गोड’ हा शब्द वाया जातो, आणि आठ ओळींच्या कवितेत वाया जायला शब्द नसतात. म्हणून पहिल्या मुलीने आपलं वाक्य बदललं: सगळी हिरवी गजबज शेवटी जिथे जाते ती जागा काळी आहे, पण भीतीची नाही, तिथे कुणीतरी निवांत बसलं आहे. तुम्ही काढलेल्या अर्थात एखादा शब्द बसत नसेल तर शब्द दुर्लक्षू नका, अर्थ दुरुस्त करा. मुद्रितशोधनातही मूळ प्रत हीच प्रमाण असते.

आणखी एक सावधगिरी याच कवितेच्या बाबतीत लागते. बालकवी १९१८ साली, अवघ्या २८व्या वर्षी, भादलीजवळ रेल्वे अपघातात गेले. हे कळलं की काळा डोह एकदम जवळचा वाटू लागतो. हुरहूर खरी आहे, मलाही होते. पण ती आपण कवितेत बाहेरून आणलेली आहे, तेव्हा तिची जागा वेगळी ठेवावी.

प्रतीकांचा कोश पाठ करू नका, हेही सांगते. बाजारात तशा याद्या मिळतात: कमळ म्हणजे हे, कावळा म्हणजे ते. कावळ्याचंच पाहा. ज्ञानदेवांच्या विराणीत, म्हणजे विरहगीतात, ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ म्हणजे पाहुणा येण्याचा शकुन, आणि त्या बाईला वाट पाहायची आहे ती पंढरीरायाची. तोच कावळा दहाव्याच्या दिवशी पिंडाला शिवतो की नाही याकडे घर डोळे लावून बसतं. एक येणाऱ्याचा कावळा, एक गेलेल्याचा. कुठला कावळा तुमच्या कथेत आहे ते कथाच सांगेल. रंगांचंही तसंच. १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर जे घडलं त्यानंतर या शहरात निळ्या रंगाला जो अर्थ आहे, तो बालकवींच्या निळ्यासावळ्या झऱ्यात शोधू नये, आणि दीक्षाभूमीच्या छायेत वाढलेल्या कवीच्या ओळीतला निळा नुसता आभाळाचा समजू नये. शब्द कुणाच्या घरात वाढला, हे विचारायला हवं.

ज्यांना आपल्या परंपरेतली बैठक हवी त्यांच्यासाठी थोडंसं. अभिधा, लक्षणा, व्यंजना हे शब्द ऐकले असतील, शब्दातून अर्थ निघण्याच्या या तीन रीती. ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती’ हे जुनं उदाहरण. मी ते नागपुरी करून सांगते: ‘त्यांचं घर अंबाझरीवर आहे.’ शब्दशः घेतलं तर घर पाण्यावर, आणि हे शक्य नाही, म्हणजे अभिधा, शब्दाचा सरळ अर्थ, अडली. मग आपण समजतो की तलावाच्या काठाजवळ, ही लक्षणा. पण बोलणाऱ्याने ‘काठाजवळ’ न म्हणता ‘अंबाझरीवर’ म्हटलं, त्यातून मोकळी हवा, गारवा, चांगली वस्ती हे सगळं सुचलं. ती व्यंजना. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहून या सुचवण्यालाच काव्याचा आत्मा म्हटलं. तेव्हा ‘सरळ काऊन नाही सांगितलं’ याचं एक उत्तर असं: ‘काठाजवळ’ म्हटलं की पत्ता कळतो, ‘अंबाझरीवर’ म्हटलं की वारा लागतो.

उपरोधाकडे येऊ. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण रोजच्या बोलण्यात आपण टोमण्यालाही उपरोध म्हणतो. उशिरा आलेल्याला ‘या, लवकर आलात!’ म्हणणं हा उपरोधाचा सर्वांत छोटा, बोलण्यातला प्रकार. साहित्यात त्याहून मोठे दोन प्रकार भेटतात: घटनेतला, म्हणजे ज्यासाठी धडपडावं त्याच्या उलट त्याच धडपडीतून घडणं, आणि प्रेक्षकाला माहीत असलेलं पात्राला माहीत नसणं, ज्याला नाट्यात्म उपरोध म्हणतात. व्याख्या पाठ करण्यापेक्षा मी कागदावर उभी रेघ मारायला लावते. डावीकडे ‘पात्राला काय ठाऊक’, उजवीकडे ‘मला काय ठाऊक’. दोन्ही रकाने सारखे भरले तर उपरोध नाही. तफावत असेल तर तिच्यापाशी थांबायचं.

कालिदासाच्या शाकुंतलात हे करून पाहा. चौथ्या अंकाच्या सुरुवातीला, दुष्यंत शकुंतलेला विसरेल, असा दुर्वासाचा शाप होतो. तो तिच्या मैत्रिणींना, अनसूया-प्रियंवदांना, ठाऊक, प्रेक्षकाला ठाऊक, शकुंतलेला नाही. त्यानंतर ती आश्रमाचा निरोप घेते, वेलीला मिठी मारते, हरणाचं पाडस तिचा पदर ओढतं, आणि आपण तिचा प्रत्येक शब्द दोन कानांनी ऐकतो: एका कानाने सासरी निघालेल्या मुलीचा आनंद, दुसऱ्याने येणारा नकार. कालिदासाने शापाची गोष्ट आपल्यापासून पाचव्या अंकापर्यंत लपवली असती तर दरबारात आपल्याला धक्का बसला असता. आधी सांगितल्यामुळे आपण पूर्ण चौथा अंक तिच्यासाठी जीव मुठीत धरून बसतो. पुढच्या वेळी एखाद्या लेखकाने एखादं रहस्य फार लवकर फोडलं असं वाटलं तर हे आठवा.

घटनेतल्या उपरोधासाठी राम गणेश गडकऱ्यांचं नाटक ‘एकच प्याला’. शीर्षकातले दोन शब्द घ्या आणि नाटकभर त्यांच्यामागे चालत राहा. अपमान विसरायला नायक सुधाकरला तळीराम देतो तो दारूचा पहिला प्याला, तेव्हा ‘एकच’ म्हणजे थोडासा, किरकोळ, त्याने काय होणार. नाटक संपतं तेव्हा ‘एकच’ म्हणजे तो एक, ज्याने संसार बुडाला. शब्द तेच आहेत आणि अर्थ पार उलटला आहे. माझ्या खुणांच्या भाषेत, इथे शब्दालाच बाण आहे.

गडकरी २३ जानेवारी १९१९ला गेले, ते आमच्या इथून तासाभराच्या वाटेवर, सावनेरला. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर. याला कुणी ‘नियतीचा उपरोध’ म्हणेल. मला सावनेरवरून बस जाते तेव्हा गलबलून येतं. पण ही घटना नाटकाच्या दोन पुठ्ठ्यांच्या आत नाही, म्हणून उत्तरपत्रिकेत ती उपरोधाचं उदाहरण म्हणून चालणार नाही. नुसतं दुर्दैव किंवा योगायोग म्हणजे उपरोध नव्हे, हेही यातूनच ध्यानात ठेवा. लग्नाच्या दिवशी पाऊस आला, तर ती अडचण. पाऊस यावा म्हणून ज्याने यज्ञ घातला त्याचंच खळ्यावरचं धान्य भिजलं, तर उपरोध. दुसऱ्यात धडपड आणि फळ एकाच दोरीने बांधलेले आहेत.

प्रतीक आणि उपरोध एकत्र पाहायचे असतील तर महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ वाचा, शक्य झालं तर मोठ्याने, कारण त्यातली वऱ्हाडी बोली कानाने कळते. १९८५ साली रंगभूमीवर आलेलं हे नाटक विदर्भातल्या खेड्यातल्या देशपांड्यांच्या घरात घडतं. घरातला कर्ता पुरुष गेला आहे आणि दिवसकार्यासाठी सगळे जमले आहेत. शीर्षक म्हणतं चिरेबंदी, आणि वाडा पडायला आलेला. दारापुढे एक ट्रॅक्टर गंजत पडलेला आहे. आतली म्हातारी दादी पुन्हापुन्हा विचारते, किती वाजले. मी टिंब, रेघ, गोल कुठे-कुठे आले ते सांगत नाही. फक्त एवढंच विचारते: जुन्या वाड्याच्या दारात गंजायला लेखकाने बैलगाडी का नाही ठेवली, ट्रॅक्टर का ठेवला? यावर विचार करत तुम्ही अर्धं नाटक उलगडाल.

आशयसूत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण ते शेवटी सापडतं. शाळेतल्या तात्पर्याची सवय इथे आडवी येते. ‘या कथेचा आशय: आई.’ ‘या कादंबरीचा आशय: दारिद्र्य.’ हा विषय झाला, कथा ज्या गावात घडते त्या गावाचं नाव सांगण्यासारखा. आशयसूत्र हे पूर्ण वाक्य असतं, त्याला क्रियापद असतं, आणि त्याच्याशी कुणी वाद घालू शकतं.

मुलींना सरावासाठी मी स्वतः एक छोटी कथा लिहिली. ती अशी:

मार्च सरता सरता आबांनी माळ्यावरून कूलर उतरवला. खसच्या ताट्या बदलल्या, टाकीतला गाळ काढला, खिडकीत बसवला. मुलाचा पुण्याहून फोन आला, ‘आबा, एसी पाठवतोय. ते खटारं फेका आता.’ आबा म्हणाले, ‘अरे, तू याच्याच हवेत झोपून मोठा झालास.’ एसी आला. मिस्त्रीने भिंतीला भोक पाडलं, कूलर अंगणात ठेवला आणि खिडकी बंद केली. एप्रिलभर खोली थंडगार राहिली. आबांना झोप येईना. एका रात्री त्यांनी अंगणात कूलरची टाकी भरली, बटण दाबलं आणि समोर खुर्ची टाकून बसले. पाण्याचा टपटप आवाज सुरू झाला. फोन वाजला. ‘आबा, आता कसं वाटतं?’ ‘एकदम गार,’ आबा म्हणाले.

दोन रकाने मांडा. मुलाला ठाऊक: बाप एसीत झोपलाय. आपल्याला ठाऊक: तो अंगणात कूलरपुढे बसलाय. म्हणून ‘एकदम गार’ हे उत्तर मुलाला एक सांगतं आणि आपल्याला दुसरं, आणि आबा खोटंही बोललेले नाहीत. कूलरला टिंब, रेघ, बाण सगळं आहे. खिडकीतून तो अंगणात गेला, बाण तिथे.

आता आशयसूत्र. पहिल्यांदा सगळ्या म्हणतात ‘दोन पिढ्यांतलं अंतर’. हे गावाचं नाव. मी विचारते, त्या अंतराबद्दल कथा काय म्हणते? मग कुणी लिहितं: ‘नवीन यंत्रांमुळे माणसं एकटी पडतात.’ हे वाक्य आहे खरं, पण कथेवर घासून पाहा. कूलर हेही यंत्रच आहे, आणि आबांना त्याच्याच आवाजात सोबत वाटते. म्हणजे वाक्य टिकत नाही. पुन्हा कुणी लिहितं: ‘मुलगा बापाकडे दुर्लक्ष करतो.’ तो तर फोन करतो, पैसे घालून एसी पाठवतो. हेही टिकत नाही. असं दोन-तीनदा खोडून झाल्यावर एकीने लिहिलं: ‘दुसऱ्याला काय हवं ते न विचारता केलेली माया त्याच्याजवळचं थोडं काढूनही घेते.’ हे वाक्य प्रत्येक ओळीवर ठेवून पाहिलं आणि ते बसलं. मी खोडण्यावर भर देते. पहिलं सुचलेलं वाक्य बहुधा आपण कथा वाचण्याआधीच घेऊन आलेलो असतो.

तपासायला मी तीन जागा सांगते: शेवट, शीर्षक, आणि तुमच्या वाक्याच्या विरोधात जाणारी एक तरी ओळ. ती विरोधी ओळ मुद्दाम शोधायची. ‘औदुंबर’मधला ‘गोड’ हा शब्द तसाच होता.

क्रम विचाराल तर पहिलं वाचन नुसतं वाचायचं, पेन्सिल दूर ठेवून. रडू आलं तर येऊ द्या, राग आला तर येऊ द्या. ज्या कथेने काहीच केलं नाही तिच्यात प्रतीकं शोधण्याला अर्थ नाही. दुसरं वाचन खुणांचं. तिसरं मोठ्याने, कारण उपरोध पुष्कळदा सुरात असतो आणि डोळ्यांना सापडत नाही. टीपा, प्रस्तावना, गाईड जे काही वाचायचं ते तिसऱ्यानंतर. आधी वाचलं तर दुसऱ्याचा अर्थ तुमच्या डोळ्यांवर बसतो आणि मग ओळीओळीत तोच दिसत राहतो. ग्रंथालयातलं पुस्तक असेल तर खुणा वेगळ्या कागदावर करा, पुस्तकावर नको. पान आणि ओळीचा क्रमांक लिहिला की झालं.

गेल्या शनिवारी, ज्या मुलीने ‘काऊन’ विचारलं होतं तिने कूलरच्या कथेचा कागद मला परत दिला. तिने सगळ्या खुणा केल्या होत्या, मी सांगितल्या तशाच. पण ‘मिस्त्रीने भिंतीला भोक पाडलं’ या वाक्याला गोल होता, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘भिंतीला भोक पडलं, मग आवाज आत यायला वाट का नाही राहिली?’ ती कथा माझी. हे वाक्य लिहिताना मी फक्त एसी कसा बसवतात ते लिहिलं होतं. मी कागद घेतला, चष्मा लावला आणि कथा पहिल्यापासून वाचायला लागले.